पॅरेलल पोर्टचं कार्ड लावताना

सांवेर रोडवरच्या आमच्या शेडमध्ये तीन अक्षांचा राऊटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कापणारं-कोरणारं यंत्र, आहे. देव्हाऱ्यांच्या जाळ्या, ॲक्रिलिकची अक्षरं, दुकानांच्या पाट्या आणि श्रावण लागला की मखरं, असं काम त्यावर चालतं. सांगाडा इथेच इंदुरात वेल्ड करून घेतलेला, मोटारी आणि त्यांना चालवणारे ड्रायव्हर बाजारातले, आणि हे सगळं हाकायला लिनक्ससीएनसी हा प्रोग्राम. संगणकाच्या मागे पॅरेलल पोर्टमध्ये, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या सॉकेटमध्ये, पंचवीस पिनांची केबल खोचलेली असायची आणि तिच्याकडे बघायची कधी वेळच यायची नाही. मदरबोर्ड बंद पडला, तेव्हा आली.

आरएनटी मार्गावरून आणलेला वापरलेला डेस्कटॉप तब्येतीने चांगला, पण त्याला पॅरेलल पोर्ट नाही. आता तो सहसा नसतोच. दुकानदाराने लगेच एक केबल पुढे केली, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला पंचवीस पिना. "इसी से हो जाएगा भिया." नाही होत. ती केबल प्रिंटरपुरती असते. यूएसबीवरून माहिती गठ्ठ्यागठ्ठ्याने जाते आणि गठ्ठा कधी निघेल हे यूएसबी ठरवते. इथे मोटारीला एक पाऊल टाकायला सांगणारा पल्स ठरल्या मायक्रोसेकंदाला निघावा लागतो. शिवाय लिनक्ससीएनसी पोर्टच्या ज्या रजिस्टरमध्ये (आकडा ठेवायच्या खान्यात) थेट आकडा लिहितं, ते रजिस्टर त्या केबलच्या पोटात नसतंच. म्हणून मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये खोचायचं, पीसीआय एक्सप्रेसचं पॅरेलल पोर्ट कार्ड घेतलं.

मेसा कंपनीचं इथरनेट कार्ड घ्या, असा सल्लाही मिळाला. सल्ला चुकीचा नाही. त्यात पल्स तयार करण्याचं काम कार्डावरची एफपीजीए चिप करते आणि संगणकावरचा ताण जातो. नवं यंत्र उभं करणाऱ्याने तेच घ्यावं असं मीही म्हणेन. पण आमचं ब्रेकआउट बोर्ड (पोर्टच्या पिना ड्रायव्हरांपर्यंत पोचवणारं), वायरिंग, सगळं पॅरेलल पोर्टच्या पिनांवर बसलेलं, मखरांच्या ऑर्डरी डोक्यावर, आणि कार्डाची किंमत मेसाच्या किमतीपुढे किरकोळ.

कार्ड खोचलं, जुन्या सेटिंगच्या फाइली नव्या संगणकात टाकल्या, लिनक्ससीएनसी चालू झालं. पडद्यावर आकडे पळायला लागले, यंत्र मात्र जागचं हललं नाही.

मदरबोर्डवरचा पोर्ट बऱ्याच गोष्टी न मागता देत असे, हे कार्ड लावल्यावर एकेक करून कळत गेलं. पहिली म्हणजे पत्ता. जुन्या पोर्टचा पत्ता ठरलेला, हेक्समध्ये ३७८, क्वचित २७८. निम्म्या जगाच्या फाइलींत तोच लिहिलेला असतो. पीसीआयच्या कार्डाला असा कायमचा पत्ता नाही. बूट होताना बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम, जो देईल तो. तो बघायला टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा, पुढे 'व्ही'चा पर्याय लावून. आमच्या कार्डापुढे दोन ओळी दिसल्या, आधी ई०१०, मग ई०००, दोन्ही आठ-आठ बाइटांच्या. इथे लहान आकडा पहिला समजून ई००० उचलायचा मोह होतो. पण आकड्याला काही अर्थ नसतो, ओळींचा क्रम महत्त्वाचा. बहुतेक कार्डांत पहिल्या ओळीवर पोर्टचं मूळ रजिस्टर असतं. दुसरी ओळ ईसीपी नावाच्या जलद पद्धतीसाठी, आणि सीएनसीत तिचा काही उपयोग नाही.

जाता जाता, अशा कार्डांवर चिपा ठरावीकच सापडतात: मॉसचिप, डब्ल्यूसीएच, ऑक्सफर्ड, सनिक्स, एसिक्स. त्यातली मॉसचिप हैदराबादची.

हॅलच्या फाइलीत ३७८ च्या जागी ई०१० घातलं. हॅल म्हणजे लिनक्ससीएनसीच्या आतलं वायरिंग, कुठला संकेत कुठल्या पिनवर जाईल ते तिथे लिहायचं. चूक काहीच दाखवली नाही, सगळ्या पिना यादीत हजर, मोटारी तशाच थंड.

माझा भाचा इथल्या एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. तो रविवारी आला आणि म्हणाला, "मामा, यंत्र बाजूला ठेव. फक्त कार्ड आणि मीटर." हे मला फार पटलं. ब्रेकआउट बोर्ड काढलं, ड्रायव्हरची वीज बंद केली, कार्डाच्या सॉकेटमध्ये बारीक तार खोचली. मग हॅलरन उघडलं. लिनक्ससीएनसीचा सगळा लवाजमा न उठवता नुसता पोर्ट चालवून बघायची ही सोय आहे. पत्ता देऊन पॅरेलल पोर्टचा ड्रायव्हर (हा सॉफ्टवेअरचा) चढवायचा, एक मिलिसेकंदाचा थ्रेड (दर मिलिसेकंदाला फिरणारं काम) बनवायचा, त्याला पोर्टचं 'रीड' आणि 'राइट' जोडायचं, 'स्टार्ट' म्हणायचं, आणि सेटपी लिहून पिन २ ला १ द्यायचा. मीटरची काळी प्रोब पिन १८ ते २५ पैकी कुठल्याही पिनवर, त्या सगळ्या ग्राउंड. लाल प्रोब पिन २ वर. १ दिलं, ० दिलं, मीटर ढिम्म. इनपुटच्या पिना ग्राउंडला टेकवून बघितल्या, तर पडद्यावर तिथलंही काही बदलेना.

भाच्याने एलएसपीसीआय परत चालवलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. ई०१०, पुढे कंसात 'डिसेबल्ड', आणि मग साइझ ८. पत्ता होता, पण त्या पत्त्यावरचं दार बंद होतं. लिहिलेलं कुणी ऐकत नव्हतं, आणि या प्रकारच्या पोर्टवर ऐकलं की नाही हे सांगायची पद्धतच नसल्यामुळे लिनक्ससीएनसीही खुशाल होतं.

दार बंद कशामुळे, यातली गंमत अशी. पॅरेलल पोर्टवर सीएनसी चालवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला पहिला सल्ला हा मिळतो की लिनक्सचे प्रिंटरवाले मोड्यूल काळ्या यादीत टाका, म्हणजे ते बूटच्या वेळी चढू देऊ नका, नाहीतर ते पोर्ट धरून बसतात. आमच्या जुन्या फाइलींत एलपी आणि पारपोर्ट-पीसी दोन्ही काळ्या यादीत होते, आणि मदरबोर्डच्या पोर्टला त्याने काही फरक पडत नव्हता, कारण तो पोर्ट बायोसच चालू करून देतं. पीसीआयचं कार्ड चालू करायचं काम मात्र त्याच्या ड्रायव्हरचं, आणि तो ड्रायव्हर म्हणजे पारपोर्ट-पीसी. त्यालाच आपण दारात अडवलेलं. एका संगणकावर शंभर टक्के बरोबर असलेला सल्ला दुसऱ्यावर नेमका नडतो तो असा.

तात्पुरता उपाय सेटपीसीआय ही आज्ञा. कार्डाच्या कमांड रजिस्टरमध्ये १ लिहिला की दार उघडतं. तो लिहिला आणि मीटर हललं. पण बूट केलं की पुन्हा पहिले पाढे. कायमचं करायचं तर पारपोर्ट-पीसीला काळ्या यादीतून सोडवायचं आणि फक्त एलपीला तिथे ठेवायचं. डेबियनमध्ये, म्हणजे आमच्या लिनक्सच्या प्रकारात, प्रिंटिंगच्या कप्स या सॉफ्टवेअरबरोबर एक छोटी फाइल येते, ती बूटच्या वेळी एलपी, पीपीडेव्ह आणि पारपोर्ट-पीसी तिघांना हाक मारते. त्यातली एलपीची ओळ गाळली. आमच्याकडे डेबियन १२ आहे, त्याच्या भांडारात लिनक्ससीएनसी आयतंच मिळतं.

आणि मग सगळ्यात कामाची गोष्ट, जी लिनक्ससीएनसीच्या माहितीपुस्तिकेत चार ओळींत आहे आणि जिच्याकडे कुणी बघत नाही. पोर्टच्या जागी १६ पेक्षा लहान आकडा लिहिला, तर त्याला पत्ता न समजता लिनक्सने दिलेला पोर्टचा क्रमांक समजलं जातं. म्हणजे ई०१० ऐवजी नुसतं ० लिहायचं. पुढे मी कार्ड ग्राफिक्सपासून लांबच्या स्लॉटमध्ये हलवलं, तेव्हा त्याचा पत्ता बदलून डी०१० झाला आणि फाइलीला हात लावावा लागला नाही.

लेटन्सीचं, म्हणजे ठरल्या वेळेपेक्षा संगणकाला किती उशीर होतो त्याचं, थोडक्यात सांगतो, कारण त्यावर सगळेच लिहितात. पहिल्या चाचणीत खिडक्या इकडेतिकडे ओढल्या की आकडा ऐंशी-नव्वद मायक्रोसेकंदांवर उडी मारायचा. बायोसमध्ये हायपरथ्रेडिंग आणि वीज वाचवणाऱ्या सी-स्टेट बंद केल्या, बूटच्या ओळीत आयसोलसीपीयूज लावून एक कोर राखून ठेवला, आणि तो पंचविसाच्या आत आला. आमचा स्क्रू ५ मिमी पिचचा, मोटार २०० पावलांची, ड्रायव्हर आठपट मायक्रोस्टेपिंगवर (एका पावलाचे आठ तुकडे), म्हणजे एका मिलिमीटरला ३२० पल्स. मिनिटाला ३००० मिमी वेगाला सेकंदाला १६,००० पल्स लागतात. ४० मायक्रोसेकंदांच्या बेस थ्रेडमध्ये, म्हणजे पल्स काढणाऱ्या कामात, सेकंदाला २५,००० फेऱ्या होतात. पल्स एका फेरीत वर आणि दुसऱ्या फेरीत खाली असा काढला तर १२,५०० च्या वर जाता येत नाही. म्हणून पोर्टचं 'रिसेट' वापरायचं, म्हणजे वर-खाली दोन्ही त्याच फेरीत उरकतं. सेटिंगच्या फाइली बनवून देणारं लिनक्ससीएनसीचं स्टेपकॉन्फ ते आपणहून घालतं, जुनी फाइल हाताने लिहिलेली असेल तर बघून घ्यावं.

यंत्र चाललं. हवेत मखराची अख्खी कमान फिरवली, झकास. दुसऱ्या दिवशी एमडीएफ चढवला, आणि कमानीचं दुसरं टोक जिथे जुळायला हवं तिथून जवळजवळ दीड मिलिमीटर बाजूला.

इथे जो वेळ गेला तो आधीच्या सगळ्याहून जास्त. यंत्र पाऊल चुकवतं म्हटलं की प्रत्येकाकडे उत्तर तयार असतं. कपलिंग ढिलं असेल. प्रवेग कमी करा. ड्रायव्हरचा करंट वाढवा. शेजारच्या शेडमधल्या इलेक्ट्रिशियनने स्पिंडलच्या, म्हणजे कटर फिरवणाऱ्या मोटारीच्या, व्हीएफडीकडे (तिचा वेग बदलणाऱ्या पेटीकडे) बघून निकालच दिला, "भिया, ये सब इसी का कचरा है." स्पिंडलचा व्हीएफडी गोंगाट करतो हे खरंच. पण तोच व्हीएफडी, तीच केबल, तेच अर्थिंग जुन्या संगणकाबरोबर तक्रार न करता चालत होतं.

डायल गेज बेडवर बांधून वाय अक्ष शंभर मिलिमीटर पुढे-मागे सोडला. स्पिंडल बंद असताना काटा दर वेळी त्याच रेघेवर परत. स्पिंडल चालू केलं, कटर हवेतच ठेवला, कापणं काही नाही, आणि दर फेरीला काटा केसभर सरकायला लागला. सरकायचा तो कायम एकाच बाजूला. कपलिंग ढिलं असतं तर स्पिंडल बंद असतानाही सरकलं असतं, आणि मोटारीची ताकद कमी पडत असती तर हवेत फिरवताना ती कमी पडली नसती. व्हीएफडीची केबल शील्डवाली केली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केलं. सरकणं कमी झालं, थांबलं नाही.

मग पुन्हा मीटर. पिन ३ ला १ दिला तर ३.२६ व्होल्ट. मदरबोर्डच्या पोर्टवर याच जागी पावणेपाचच्या आसपास येत असे, ती नोंद माझ्या वहीत होती. नव्या चिपा ३.३ व्होल्टवर चालतात, त्यांच्या पिनेतून पाच निघणार कुठून? प्रिंटरला ते चालतं, कारण तो २ व्होल्टच्या वर काहीही १ धरतो. प्रश्न आमच्या ब्रेकआउट बोर्डचा होता.

बोर्डवर पोर्टच्या आणि ड्रायव्हरांच्या मध्ये दोन बफर (संकेत जोरदार करून पुढे देणाऱ्या चिपा) आहेत, सॉकेटमध्ये बसवलेले, वीस पायांचे ७४एचसी२४४. त्यांना वीज पाच व्होल्टची. एचसी जातीची चिप आपल्या विजेच्या सत्तर टक्क्यांवर संकेत आला तरच तो हमखास १ धरते, म्हणजे पाचावर साडेतीन. आमचे येत होते सव्वातीन. चिप तरीही चालते, कारण तिचा खरा उंबरठा बहुधा मध्यावर, अडीचच्या जवळ असतो. म्हणून तर हवेत सगळं झकास होतं. पण पूर्वी उंबरठ्याच्या वर सव्वादोन व्होल्टची मोकळीक होती, आता पाऊण व्होल्टची. व्हीएफडी चालू झाला की ग्राउंड तेवढं उसळतं, चालू असलेल्या संकेताला मध्येच खाच पडते, आणि ती खाच डिरेक्शनच्या, म्हणजे मोटारीला दिशा सांगणाऱ्या, वायरवर पडली तर तेवढं पाऊल उलट्या दिशेला जातं. काटा एकाच बाजूला सरकायचा तो त्यामुळे. वाय अक्षाचीच वायर व्हीएफडीच्या बाजूने गेलेली होती, म्हणून भोगलं तेही वायनेच.

भाचा म्हणाला, "टी वाल्या आण, मामा. एचसी नाही, एचसीटी." एचसीटी जातीची चिप पाच व्होल्टवरच चालते, पण २ व्होल्टला हमखास १ मानते, खरा उंबरठा दीडच्या खालीच. म्हणजे ३.२६ ला जवळजवळ दोन व्होल्टची मोकळीक, आणि शून्याच्या बाजूलाही पुरेशी. पाय तेच, सॉकेट तेच, फक्त जुनी उपटून नवी बसवायची.

महाराणी रोडला गेलो. पहिल्या दुकानात नळीतून एचसीच काढून दिली. मी एचसीटी म्हटलं तर, "एक ही बात है." दुसऱ्या दुकानातही तेच. तिसऱ्याने खालच्या खणातून शोधून काढल्या, अंगावरची अक्षरं उजेडात धरून वाचली आणि मगच पैसे दिले. किंमत इतकी किरकोळ की जाताना लावलेल्या पेट्रोलचा खर्च जास्त.

चिपा बदलल्यावर डायलचा काटा स्पिंडल चालू असताना रेघेवर परत यायला लागला. मी जेवून येईपर्यंत यंत्र पुढे-मागे करत ठेवलं, तरी तिथेच. ज्यांच्या यंत्रात बफर नाही आणि पोर्टची पिन थेट ड्रायव्हरच्या ऑप्टोला (आतल्या दिव्याच्या उजेडातून संकेत पुढे देणाऱ्या चिपेला) जोडलेली आहे, त्यांनी तर हे जास्तच बघावं. ड्रायव्हरच्या पल्सच्या दोन टोकांपैकी पीयूएल प्लस पाच व्होल्टला आणि पीयूएल मायनस पोर्टच्या पिनला, अशी जोडणी सर्रास असते. त्यात पिन ३.३ ला जाते तेव्हा ऑप्टोवर अजून १.७ व्होल्ट उरतात आणि आतला दिवा धड विझत नाही. मग ड्रायव्हरला पल्स कधी दिसतो, कधी दिसत नाही. तिथे मध्ये एक एचसीटीचा बफर टाकण्यावाचून दुसरं काही करू नये.

एक गोष्ट राहिली होती, आणि ती मापाची नव्हती. संगणक चालू केला की बूट होत असताना स्पिंडलचा रिले 'टक' करायचा. लिनक्ससीएनसी उठायच्या किती आधी. पॅरेलल पोर्ट मुळात प्रिंटरचा, त्यामुळे रिसेटला आणि नंतर पारपोर्ट-पीसी पोर्ट चाचपून बघतो तेव्हा पिना वर-खाली होतात. पिन १, १४ आणि १७ तर हार्डवेअरमध्येच उलट्या आहेत, रजिस्टरमध्ये शून्य असलं की बाहेर १. आमचा रिले होता १४ वर. रिले दुसऱ्या पिनवर न्यायचा विचार झाला, पण बूटमध्ये कुठली पिन कधी काय करेल यावर कटरजवळ हात असलेल्या माणसाने विसंबू नये.

यावर उपाय चार्ज पंप. ब्रेकआउट बोर्डला एका पिनवर सतत वर-खाली होणारी लाट हवी असते. ती आली तरच बोर्ड आपले आउटपुट उघडतं, नाहीतर सगळे बंद. लिनक्ससीएनसीतला चार्ज पंप बेस थ्रेडच्या प्रत्येक फेरीला पिन उलटवतो, म्हणजे आमच्या ४० मायक्रोसेकंदांवर १२.५ किलोहर्ट्झ. बूटच्या वेळी पिना कितीही नाचल्या तरी अशी लाट त्यातून तयार होत नाही, आणि लिनक्ससीएनसी मध्येच कोलमडलं तर लाटही थांबते. आमच्या बोर्डवर त्याचा जंपर होता, आजवर उघडाच. तो लावला, स्टेपकॉन्फमध्ये पिन १७ ला चार्ज पंप दिला, आणि इमर्जन्सी स्टॉप सुटल्यावरच तो चालू होईल असं जोडलं. व्हीएफडीची वीज तोडून बऱ्याच वेळा बूट करून बघितलं, रिले गप्प.

इनपुटचं मात्र जमलं नाही. पॅरेलल पोर्टला इनपुट पाचच, १० ते १३ आणि १५. मला टूल-सेटरसाठी, म्हणजे कटरची उंची मोजणाऱ्या बटणासाठी, एक जास्तीचा हवा होता. लिनक्ससीएनसीत 'एक्स' नावाची एक पद्धत आहे, तिच्यात १, १४, १६, १७ या पिना इनपुट म्हणून वापरता येतात. पण त्यासाठी पोर्टच्या त्या पिना ओपन कलेक्टर, म्हणजे बाहेरून खाली ओढता येणाऱ्या, असाव्या लागतात, आणि या कार्डाच्या तशा नाहीत. पिन ग्राउंडला ओढली तरी कार्ड ती जोर लावून वर धरतं. तो नाद सोडला, तीन अक्षांचे लिमिट स्विच (अक्ष टोकाला पोचला हे सांगणारे) मालिकेत जोडून एकाच पिनवर आणले आणि मोकळी झालेली पिन १५ टूल-सेटरला दिली. स्टेपकॉन्फमध्ये त्यासाठी 'ऑल लिमिट्स' असा पर्याय आहेच.